लॅन पोर्टचे जादा पैसे वसूल होतात का? ब्रदर एचएल-एल२३६१डीएन, चार-सहा संगणकांच्या ऑफिससाठी

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा चेतक सेंटरमध्ये लेझर प्रिंटर विचारायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "नेटवर्क वाला चाहिए या सिर्फ यूएसबी?" भावातला फरक ऐकला की बहुतेक इंदूरकर "यूएसबीच द्या, शेअर करून घेऊ" म्हणून मोकळे होतात. हे शेअर करून घेणं पुढे केवढ्याला पडतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. सीएचं ऑफिस, वकिलांचं चेंबर, पतसंस्था, सियागंजातली पेढी, अशा चार ते सहा संगणकांच्या जागेसाठी लॅन पोर्टचं, म्हणजे केबलने थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडता येणारं मशीन घ्यावं की नाही, एवढ्याच प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्यावं. पण हे मशीन निर्दोष आहे म्हणून नव्हे. दुसरे सगळे मार्ग कुणाच्या तरी एका संगणकाच्या तब्येतीवर चालतात म्हणून.

ब्रदरच्या या पिढीतली दोन भावंडं इथे विचारात घेऊ. एचएल-एल२३२१डी हे फक्त यूएसबीचं, एचएल-एल२३६१डीएन हे यूएसबी आणि लॅन दोन्हीचं. वेग दोघांचाही मिनिटाला ३० पानं, ट्रे २५० कागदांचा, पाठपोट छपाई आपोआप. टोनरही एकच, टीएन-२३६५, कंपनीच्या हिशेबाने २६०० पानांचा. ड्रम डीआर-२३६५, सुमारे १२,००० पानांचा. मॉडेलच्या शेवटची अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. डी म्हणजे पाठपोट, एन म्हणजे लॅन, डब्ल्यू म्हणजे वाय-फाय. दुकानदार घाईत "वही है, सेम मशीन" म्हणतो, तेव्हा खोक्यावरचं शेवटचं अक्षर बघा.

पण फरक फक्त मागच्या पोर्टचा नाही. एल२३२१डी हे जीडीआय पद्धतीचं मशीन आहे. पान रंगवायचं सगळं काम संगणक करतो, प्रिंटर तयार ठिपके कागदावर उतरवतो. आतली मेमरी जेमतेम ८ एमबी. एल२३६१डीएनमध्ये ३२ एमबी आहे आणि त्याला पीसीएल-६ समजतं. पीसीएल ही जुनी, सर्वमान्य भाषा आहे, म्हणून कंपनीचा नेमका ड्रायव्हर हाताशी नसला तरी साधारण पीसीएल ड्रायव्हरवर मशीन चालून जातं. नवीन लॅपटॉप आला, विंडोज बदललं, कुणी लिनक्स लावलं, तरी छपाई अडत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर करून ठेवलंय की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर ते हळूहळू मागे सारणार आहेत. अशा वेळी एकाच कंपनीच्या एकाच ड्रायव्हरवर जगणारी मशीनं सर्वांत आधी अडचणीत येतील.

आता जोडणी. लॅनची केबल प्रिंटरमधून थेट राउटरच्या किंवा स्विचच्या लॅन पोर्टात. आधी केबल, मग वीज. मिनिटभर थांबून पॅनेलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद छापून घ्या. त्यावर आयपी पत्ता (राउटरने दिलेला) आणि मॅक पत्ता (मशीनचा स्वतःचा, कायमचा) असतो. आयपीची सुरुवात १६९.२५४ ने होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. केबल किंवा पोर्ट बदलून पाहा. पत्ता नीट असला तर राउटरच्या पानावर जाऊन त्या मॅक पत्त्यासाठी तो आयपी राखून ठेवा. राउटरमध्ये याला डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. ही एक पायरी गाळली की वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला कधीतरी दुसरा पत्ता मिळतो आणि सगळे संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात. "प्रिंटर ऑफलाइन" या तक्रारीमागे फार वेळा एवढंच असतं.

संगणकावर कंपनीची सीडी किंवा "आपोआप शोधा" यांच्या नादी लागू नका. विंडोज ११ मध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड डिव्हाइस दाबून थोडं थांबलं की खाली "ॲड मॅन्युअली" येतं. तिथे आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय निवडा, डिव्हाइसच्या प्रकारात "टीसीपी/आयपी डिव्हाइस" घ्या, पत्ता टाका, प्रिंटरला विचारून ड्रायव्हर ठरवण्याची खूण काढा आणि ड्रायव्हर स्वतः निवडा. आपोआप शोधू दिलं तर विंडोज बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं. तो महिनाभर छान चालतो आणि एखाद्या सोमवारी प्रिंटर सापडत नाही म्हणतो. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमध्ये डब्ल्यूएसडी दिसलं तर ते काढून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट लावा. त्याच जागी कॉन्फिगर पोर्टमध्ये "एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड" ही खूणही काढून टाका. या खुणेमुळे विंडोज प्रिंटरची विचारपूस करत राहतं आणि उत्तर आलं नाही की चालू मशीनलाही ऑफलाइन ठरवतं.

टॅली वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बंद करायची: "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर". ही सोय चालू असली की शेवटी ज्यावर छापलं तोच डिफॉल्ट होतो. कुणी दुपारी एक पीडीएफ बनवली की संध्याकाळची बिलं कागदावर न येता फाइल कुठे ठेवू म्हणून विचारत बसतात.

इंदुरात सध्या खरी गंमत होते ती इंटरनेट कंपनी बदलल्यावर. बऱ्याच राउटरांचा पट्टा, म्हणजे ते वाटतात त्या आयपी पत्त्यांची सुरुवात, १९२.१६८.१ ची असते, जिओफायबरची १९२.१६८.२९ ची. राउटर बदलला की ऑफिसचा सगळा पट्टा बदलतो. प्रिंटरवर आयपी हाताने ठोकून बसवला असेल तर तो जुन्याच गल्लीत राहतो आणि कुणालाच सापडत नाही. म्हणून प्रिंटरच्या पॅनेलवर पक्का आयपी टाकण्यापेक्षा राउटरमध्ये राखून ठेवणं बरं: नवा राउटर आला तर प्रिंटर निदान स्वतःहून नवा पत्ता घेतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे पोर्ट बनवताना आयपीऐवजी प्रिंटरचं नेटवर्कवरचं नाव टाकणं. ब्रदरच्या लॅनवाल्या मशीनचं नाव बीआरएन आणि त्यापुढे मॅक पत्ता असं असतं, ते त्याच कागदावर छापलेलं मिळतं. छोट्या नेटवर्कवर हे नाव सहसा ओळखलं जातं. नाही ओळखलं तर आयपीवर या.

दुसरी अडचण दोन राउटरांची. पुढच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणतात आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत घ्यायच्या पोर्टात) खोचतात. आता ऑफिसात दोन वेगळी नेटवर्कं झाली. प्रिंटर पहिल्या राउटरवर असेल तर आतल्या राउटरवरचे लॅपटॉप आयपीने छापू शकतात, पण शोधून त्यांना तो दिसणार नाही. प्रिंटर आतल्या राउटरवर असेल तर बाहेरच्यांना मुळीच छापता येणार नाही. उपाय: दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका; तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याला पहिल्याच्याच पट्ट्यातला वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. गेस्ट वाय-फायवरून प्रिंटर दिसत नाही ती मात्र तक्रार नव्हे, तसंच हवं. लॅनवरचा प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टावर येईल ते विनापरवाना छापतो, म्हणून अशिलांना आणि पाहुण्यांना मुख्य वाय-फायचा पासवर्ड देऊ नये. प्रिंटरच्या वेबपानाचा मूळ पासवर्डही बदला. या पिढीत तो सगळीकडे एकच, "इनिटपास", आणि जगाला माहीत.

मग शेअरिंग का नको?

नको असं नाही. कॅनन एलबीपी२९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० प्लस घरात असेल आणि ते धडधाकट असेल तर टाकून द्यायचं काही कारण नाही. ही दोन मशीनं इंदूरच्या निम्म्या ऑफिसांत अजून चालतात असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. काडतूस गल्लीबोळात भरून मिळतं, सुटे भाग मिळतात, कारागीर मिळतो. दोघांनाही नेटवर्क पोर्ट नाही, म्हणून एका संगणकाला यूएसबीने लावून विंडोजमधून शेअर करावं लागतं.

हे काम २०२१ पर्यंत पाच मिनिटांचं होतं. त्या वर्षी जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागातलं) प्रिंटनाइटमेअर नावाचं भगदाड उघडं झालं आणि मायक्रोसॉफ्टने एकामागून एक कुलपं घातली. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागू लागला. सप्टेंबरनंतर शेवटी ११बी येणारा एरर घरोघर दिसू लागला. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीने छपाईसाठी संगणकांमधल्या बोलण्याची मूळ पद्धतच बदलली, मग ७०९ चा एरर. २४एच२ ने पासवर्डविना पाहुणा म्हणून आत शिरण्याची वाट विंडोज ११ प्रोवरही बंद केली. प्रत्येक कुलपामागे रास्त कारण आहे. पण ज्या ऑफिसात एक संगणक विंडोज १० चा, दोन ११ चे, आणि एक लॅपटॉप मुलाचा, तिथे कुठला अपडेट कधी कुणाची छपाई बंद पाडेल याचा नेम नाही. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखांना हे घडलं की मग बघायला नको.

असं झालं की कारागीर येतो, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक ओळ टाकून सुरक्षा खाली आणतो, किंवा अपडेट काढून टाकतो आणि पैसे घेऊन जातो. दोन्ही वाईट. त्यापेक्षा पुढची पद्धत वापरा, बहुतेक वेळा टिकते.

ज्या संगणकाला प्रिंटर लावला आहे त्याला यजमान म्हणू. त्याचं नेटवर्क प्रोफाइल "प्रायव्हेट" करा. "पब्लिक" असेल तर पुढचं काहीच चालणार नाही. फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. प्रिंटर प्रॉपर्टीजमधून शेअर करताना नाव छोटं, एका शब्दाचं, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या. पासवर्डवालं शेअरिंग बंद करू नका. त्याऐवजी यजमानावर एक वेगळं लोकल खातं बनवा, साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं, आणि त्याला पासवर्ड द्या. विंडोज उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. निम्मी "पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" ही रड याचीच असते. आता बाकीच्या प्रत्येक संगणकावर क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये यजमानाचं नाव, त्या खात्याचं नाव आणि पासवर्ड साठवा.

त्यानंतरची पायरी महत्त्वाची. यजमानाकडून ड्रायव्हर ओढायचाच नाही. प्रत्येक संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवा. मग ॲड मॅन्युअलीमध्ये लोकल प्रिंटर निवडून "क्रिएट अ न्यू पोर्ट", प्रकार "लोकल पोर्ट", आणि पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, यजमानाचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, शेअरचं नाव, असं जोडून लिहा. मघाचा बसवलेला ड्रायव्हर यादीतून निवडा. अशा जोडणीत विंडोजला हा प्रिंटर स्वतःचाच वाटतो, फक्त माल दुसऱ्या संगणकाकडे जातो. ड्रायव्हर घेण्यावरची बंधनं आडवी येत नाहीत, आणि एक संगणक ३२ बिटचा, दुसरा ६४ चा असला तरी अडत नाही.

यजमानाची झोप बंद करा, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. एवढं सगळं केल्यावरही एक गोष्ट उरतेच: तो संगणक ज्याच्या टेबलावर आहे तो माणूस दुपारी मशीन बंद करून निघून गेला की बाकीच्यांची छपाई संपली.

हा यजमानच नको म्हणून काही जण यूएसबी प्रिंट सर्व्हरची डबी आणतात, टीपी-लिंकच्या टीएल-पीएस११०यू सारखी. एका बाजूला लॅन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. कल्पना छान, आणि पीसीएल समजणाऱ्या प्रिंटरला ती चालतेही. पण आपल्याकडे ज्या मशीनांसाठी ती घेतली जाते, नेमकं त्यांच्याशीच तिचं जमत नाही. एचपी १०२० चालू झाल्यावर स्वतः काहीच जाणत नाही. प्रत्येक वेळी वीज आली की संगणकावरचा ड्रायव्हर त्याच्या आत फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, भरतो. मध्ये डबी असेल तर ते भरणार कोण? कॅनन २९०० ची कॅप्ट पद्धत संगणक आणि प्रिंटर यांच्या दुतर्फा बोलण्यावर चालते, आणि साधी डबी एकाच दिशेने माल ढकलते. दोष डबीचा नाही आणि प्रिंटरचाही नाही, जोडीचा आहे. राउटरच्या मागच्या यूएसबीत प्रिंटर लावायची सोय याहून बरी, कारण तिचं सॉफ्टवेअर प्रिंटर जणू आपल्याच संगणकाला लावलाय असं भासवतं. पण एका वेळी एकच संगणक त्याला धरू शकतो. दोन माणसांच्या ऑफिसला चालेल, पाच जणांच्या नाही.

एल२३६१डीएनमध्ये काय खटकतं

शेअरिंगमध्ये एक चांगली गोष्ट होती, ती इथे जाते: सामाईक रांग. यजमानावर सगळ्यांची कामं एका यादीत दिसतात, चुकून दिलेली दोनशे पानं थांबवता येतात. लॅनच्या प्रिंटरला प्रत्येक संगणक आपल्या रांगेतून थेट माल पाठवतो. एकाचं मोठं काम चालू असलं की बाकीचे वाट पाहतात, आणि ते काम कुणाच्या मशीनवरून आलं हे ऑफिसभर ओरडून विचारावं लागतं. कुणी किती छापलं याचा हिशेबही मिळत नाही.

वकिलांनी हे नीट वाचावं: पाठपोट छपाई फक्त ए-फोरवर होते. लीगल कागद ट्रेमध्ये बसतो, पण ट्रे मागून लांबवावा लागतो, तो मशीनच्या बाहेर येतो आणि भिंतीला टेकवून ठेवलेला प्रिंटर पुढे ओढावा लागतो. हाताने कागद द्यायच्या फटीत एका वेळी एकच कागद जातो, त्यामुळे जाड लेजर (दस्तऐवजाच्या) कागदाची थप्पी छापायची असेल तर माणूस उभा ठेवा. आणि ड्रायव्हरमध्ये कागद "लेटर" राहिला, ट्रेमध्ये ए-फोर असला, तर मशीन कागद मागत थांबून राहतं. नवा संगणक जोडला की ही सेटिंग आधी बघा.

वाय-फाय नाही. आमच्या मते हा गुणच आहे. टेबलाला लागून राउटर नसेल तर केबल ओढायचा खर्च मात्र धरा. पोर्टचा वेग १०० एमबीपीएसच, पण काळ्या-पांढऱ्या पानांना तो कधी कमी पडत नाही.

यूपीएसवर प्रिंटर लावू नका. आतला फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना काही शे वॅट एकदम ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस कुंई करून बसतो, सोबत संगणकही जातो. यूपीएसवर राउटर आणि स्विच ठेवा, प्रिंटर थेट भिंतीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर. वीज गेली की छपाई थांबते, पण नेटवर्क जागं राहतं, आणि परत आल्यावर रांगेतलं काम पुढे सुरू होतं. अडकलंच तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातलं प्रिंटर्स हे फोल्डर रिकामं करा आणि स्पूलर पुन्हा चालू करा.

पानावर उभी काळी रेघ आली की लगेच टोनर बदलायला धावू नका. ड्रमच्या वर एक हिरवी सरकती कळ असते, ती दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवली की आतली तार साफ होते. इंदूरच्या धुळीत, रस्त्याकडेच्या ऑफिसात हे दर महिन्याला करावं लागलं तरी नवल नाही. कळ परत बाणाच्या मूळ जागी आणायलाच हवी. मध्येच राहिली तर पानभर नवी रेघ उमटते. टोनर आणि ड्रम वेगळे आहेत, ड्रम बदलल्यावर त्याचा आकडा हाताने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर मशीन नव्या ड्रमलाही जुना म्हणत राहतं. टोनर भरून घेणार असाल तर बाजूच्या छोट्या चाकाची मूळ स्थिती कारागीर परत लावतो ना, हे बघून घ्या. तेच चाक मशीनला टोनर नवा असल्याचं सांगतं. खोक्यातल्या सुरुवातीच्या टोनरला ते चाक नसू शकतं, तेव्हा तो भरायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

ही पिढी दहा वर्षांहून जुनी आहे, तेव्हा दुकानात नवं खोकं मिळेल, न मिळेल. त्याच भावात पुढच्या पिढीतलं एन किंवा डीडब्ल्यू मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, फक्त दोन गोष्टी विचारा: पीसीएल समजतं का, आणि एअरप्रिंट किंवा मोप्रिया (वेगळ्या ड्रायव्हरविना छापण्याच्या सोयी) लिहिलंय का. एकट्या माणसाचं ऑफिस असेल, संगणक एकच, आणि छपाई फक्त ए-फोर बिलांची, तर एल२३२१डी घेऊन पैसे वाचवा. दुसरं टेबल येणार असेल तर नको.